परभणीची भेंडी आणि विजेचा चिमटा

मुलांनो, मनमाडहून नांदेडकडे निघालात की वाटेत परभणी जंक्शन लागतं. काळी जमीन, कापूस, ज्वारी. गावाची खरी शान म्हणजे १९७२ साली सुरू झालेलं कृषी विद्यापीठ. तुमच्या डब्यातल्या भेंडीशी त्याचं नातं आहे, बरं का!

भेंडीवर केवडा रोग पडला की पानं पिवळी पडतात नि पीक हातचं जातं. पांढरी माशी हा विषाणू पसरवते. इथल्या शास्त्रज्ञांनी ‘पुसा सावनी’ भेंडीचा तिच्या रानटी नातलगाशी संकर केला, पिढ्यामागून पिढ्या चांगली झाडं निवडली आणि १९८५ साली ‘परभणी क्रांती’ आली.

पण फुलातून होणारा संकर दरवेळी जमतोच असं नाही. मग थेट पेशींचाच संकर केला तर? आता मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी पेशी धरायची कशी? चिमट्यात तर ती चिरडेल!

हिवाळ्यात कोरड्या केसांवरून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवा नि कापसाच्या तंतूजवळ न्या. तंतू टुणकन चिकटतो. त्याच्यावर विद्युतभार नसतो. पण कंगव्यामुळे जवळच्या बाजूला विरुद्ध भार येतो, लांबच्या बाजूला सारखा. जवळची ओढ जास्त, म्हणून तंतू ओढला जातो.

काचेच्या छोट्या पट्टीवरही हेच चालतं. केसासारख्या बारीक खाचेतून पाणी वाहतं, कडेला धातूच्या रेघा असतात. त्यांतून सेकंदाला हजारो-लाखो वेळा दिशा बदलणारी वीज सोडली की पेशी रेघेच्या टोकाशी अडकते. वीज बंद, पेशी मोकळी! याला म्हणतात डायइलेक्ट्रोफोरेसिस. नाव जड आहे, पण काम कंगव्याचंच. हे नाव अमेरिकेच्या हर्बर्ट पोल यांनी १९५१ साली दिलं. १९६६ मध्ये त्यांनी याच युक्तीने यीस्टच्या जिवंत आणि मेलेल्या पेशी वेगळ्या केल्या. जिवंत पेशीचं आवरण वीज अडवतं, मेल्यावर ते गळकं होतं. म्हणून दोघींची वागणूक वेगळी.

वनस्पतींच्या पेशींच्या भिंती आधी विरघळवल्या, तर याच विजेने त्या माळेतल्या मण्यांसारख्या एकमेकींना चिकटतात. मग क्षणभर जोराचा झटका दिला की दोघींची एक पेशी होते! बटाटा आणि त्याच्या रानटी नातलगांच्या पेशी अशा जोडल्या गेल्या आहेत.

‘परभणी क्रांती’ मात्र शेतातच, फुलांच्या संकरातून घडली. विषाणूही स्वस्थ बसत नाही. आता त्या भेंडीवरही ठिकठिकाणी केवडा दिसतो. रानटी नातलगांचा शोध पुन्हा सुरू आहे.