गच्चीवरचा भोपळा

ब्रह्माघाटाच्या आमच्या गल्लीत परसाला जागाच नाही. वाड्याला वाडा खेटलेला, म्हणून भाजी लावायची ती गच्चीवर. तिथेही वरून लोखंडी जाळी हवी, कारण बनारसची माकडे कोंब, फूल, फळ काहीच सोडत नाहीत. त्याच जाळीवर मी दरवर्षी लाल भोपळ्याचा वेल चढवते. वाण 'काशी हरित', इथल्याच भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेचा. वेल आखूड राहतो, हिरवी फळे कोवळेपणीच भाजीला येतात, आणि अर्ध्या कापलेल्या ड्रमातली माती त्याला पुरते.

रोप दोन पानांवर असतानाच तांबडे भुंगेरे येतात आणि पानांची चाळण करतात. उजाडताना ते सुस्त असतात, तेव्हाच टिपून साबणाच्या पाण्यात टाकायचे. ऊन चढल्यावर हात नेताच उडतात. पानांवर दंव असताना गोवऱ्यांची राख भुरभुरायची, ही सासूबाईंची रीत मीही सोडलेली नाही. वेल जोर धरू लागला की भुंगेऱ्यांची फारशी भीती उरत नाही.

पुढे करंगळीएवढी फळे पिवळी पडून गळू लागतात. लोक कीड समजून औषध मारतात, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. बहुतेक वेळा तिथे कीड नसतेच. मादी फुलाला पराग मिळालेला नसतो. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन तापायच्या आत मिटू लागते. औषधाने उरल्यासुरल्या मधमाश्याही जातात. मी सूर्योदयालाच वर जाते, नर फुलाच्या पाकळ्या काढते आणि परागाचा दांडा मादी फुलात हलकेच फिरवते. गळ बरीच थांबते.

उन्हाळ्यात फळाचे देठाविरुद्धचे टोक पाणचट होऊन काळे पडते. शेजारच्या चाचींनी पानाच्या डब्यातला चुना घालायला सांगितला. त्यांचे अगदीच चूक नव्हते, हा विकार कॅल्शियमच्या उणिवेचाच. पण ते बहुधा मातीत असते, फळापर्यंत पोचत नाही, कारण ते पाण्याबरोबर चढते. लू सुटली की ड्रम दुपारपर्यंत खडखडीत होतो आणि संध्याकाळी आपण बादलीभर ओततो. या ओढाताणीत फळाचे टोक उपाशी राहते. सकाळी नेमाने पाणी आणि मातीवर वाळक्या पानांचा थर, एवढ्यानेच पुढची फळे चांगली आली. डागाळलेले फळ बरे होत नाही, ते काढावे.

भुरी आणि केवडा यांत गल्लत करू नये. भुरी पानावर पीठ सांडल्यासारखी दिसते. तिला पाऊस लागत नाही. दाटी आणि सावलीत ती फोफावते. केवड्याचे डाग पिवळे, शिरांमध्ये अडकलेले, कोनाकोनांचे. ओल्या सकाळी पान उलटले की खाली करडी-जांभळट बुरशी दिसते. तो पावसाळ्यातला. भुरीवर मी एक भाग गाईचे दूध आणि नऊ भाग पाणी आठवड्याला उन्हात फवारते. ब्राझीलचे वॅग्नर बेटिओल यांनी 1999 मध्ये झुकिनीवर दुधाचा हा गुण दाखवून दिला. जुनी पाने सुधारत नाहीत, नवी वाचतात. गंधक कडक उन्हात मारू नये, भोपळवर्गाची पाने करपतात. केवड्यावर दुधाचा गुण मला दिसला नाही. तिथे रोगट पाने खुडणे, वेल मोकळा ठेवणे आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी घालणे, हेच उपाय.

सगळ्यांत वाईट फळमाशी. मादी कोवळ्या सालीखाली अंडी घालते. तिथे डिंक पाझरतो, फळ वाकडे होते, अळ्या गर खातात आणि ते आतून सडते. अळी आत गेल्यावर कोणतीही फवारणी कामाची नाही. म्हणून फळ धरल्याबरोबर मी त्याला मलमलची सैल पिशवी बांधते. क्यू-ल्यूरचा सापळाही टांगते, पण त्यात फक्त नर सापडतात. फळ टोचणाऱ्या मादीपासून वाचवते ती पिशवीच.

पिशवी चुकलेली काही फळे सडतातच. त्यांतल्या अळ्या बाहेर पडून मातीत शिरतात, कोषात जातात आणि माशी होऊन वर येतात. आमच्या गल्लीत कुणाचा दुधी, कुणाचे घोसाळे, कुणाचे कारले. या सगळ्यांवर हीच माशी बसते आणि एका गच्चीवरून दुसरीवर सहज जाते. म्हणून चाची आणि मी आता सडकी फळे कुंडीशी टाकत नाही, गल्लीतही फेकत नाही. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस रणरणत्या उन्हात ठेवतो, अळ्या मेल्या की मगच कचऱ्यात देतो. तुमच्याकडे वेल असेल तर एवढे नक्की करा, आणि शेजारच्या गच्चीवरही सांगा.