संधाता

मराठीत एम.ए. झालेल्या आणि वीस वर्षे काव्यशास्त्र शिकवत आलेल्या माणसाने वेल्डिंगचे जुने यंत्र का विकत घ्यावे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून घरीदेखील देता आलेले नाही. बाहेर सांगायला एक कारण होते. खोडाळ्यात पावसाळ्यात पाऊस इतका की कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते. आणि मार्च उजाडला की आसपासच्या पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन पाण्यामागे निघतात. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण याच परिसरात आहे, २०१४ साली पूर्ण झालेले. ते पाणी खाली जाते आणि वर टँकर येतो. टँकर थांबतो तिथून घरापर्यंत शेजारच्या मावशी डोक्यावर हंडे वाहतात. त्यांच्यासाठी शंभर लिटरचे पिंप ठेवता येईल असा हातगाडा आपण करावा, हे ते कारण. वास्तविक असा गाडा कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याने यंत्राच्या निम्म्या किमतीत करून दिला असता. गाडा हे निमित्त होते. शब्दांखेरीज दुसरे काही आपल्या हातून उभे राहते का, हे एकदा पाहायचे होते.

यंत्र नाशिकहून, अंबडच्या एका भंगारवाल्याकडून आणले. त्याने माझ्यासमोर एक सरळ रेघ ओढून दाखवली. ती इतकी सुबक होती की मी दुसरी ओढायला सांगितली नाही. टेम्पोत घालून घाटरस्त्याने ते घरी आले आणि पडवीत विराजमान झाले. माहितीपुस्तिका अर्थातच नव्हती. ज्याच्या आयुष्यात टीपा आणि परिशिष्टांवाचून एक पान हलत नाही, त्याच्या हाती असा निराधार ग्रंथ यावा यात काही काव्यगत न्याय असावा.

या यंत्राचे तत्त्व सोपे आहे. रॉडच्या वेल्डिंगमध्ये कारागीर स्वतः रॉड पुढे सारत राहतो. येथे तारेचे रीळ यंत्राच्या पोटात असते. रोलर ती तार लांब नळीतून टॉर्चकडे ढकलतात, टोकाच्या तांब्याच्या टिपेत तिला वीज मिळते, आणि लोखंडाला टेकताच ती पेटून वितळत जाते. भोवती वायूचे आवरण लागते, कारण वितळलेल्या धातूला उघडी हवा लागली की त्यात भोके पडतात. अमेरिकेत १९४८ च्या सुमारास ही पद्धत प्रथम अॅल्युमिनियमसाठी निघाली, ती महागड्या निष्क्रिय वायूंवर. पुढे १९५३ मध्ये स्वस्त कार्बन डाय-ऑक्साइड वापरता येऊ लागला आणि ती लोखंडाच्या कामात सर्वत्र गेली. म्हणूनच आपल्याकडचे कारागीर तिला नुसते ‘सीओटू’ म्हणतात.

पहिल्या दिवशी माझी तार दोन इंच बाहेर आली, थांबली, धक्क्याने पुन्हा आली आणि टिपेलाच चिकटून बसली. झाकण उघडले तर रोलरपाशी तारेचा गुंता, मांजाचा होतो तसा. रोलरवरच्या दाबाची एक फिरकी असते. ती मी आवळली. तार थोडी चालली. मी आणखी आवळली. चार दिवसांनी तार दाबून चपटी झाली होती आणि तिच्या किसाने नळी भरली होती. मग टिप बदलली, नळी काढून हवेच्या पंपाने फुंकली. आतून तांबूस धूळ निघाली, आधीच्या मालकाची कित्येक वर्षांची. तरीही धक्के चालूच.

पोथ्यांच्या पाठचिकित्सेत एक प्रकार वारंवार दिसतो. एका लेखनिकाच्या हातून अक्षर चुकते. पुढच्याला ओळ लागत नाही, तेव्हा तो तिला अर्थ येईल असा शब्द आपल्या पदरचा घालतो. त्यापुढचा त्या शब्दाला जुळेल असा आणखी एक बदलतो. आता ओळ वाचायला सुरळीत होते आणि मूळ चूक मात्र तिच्याखाली कायमची गाडली जाते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती असल्याच थरांतून वाट काढत. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. आणि पडवीत बसून फिरकी आवळणारा लेखनिक मीच होतो. रोलरवर दोन खाचा असतात, एक ०.८ मिलिमीटरच्या तारेसाठी, दुसरी १.० साठी. माझी तार ०.८ ची होती आणि रोलर उलटा बसवलेला होता. मोठ्या खाचेत बारीक तार घसरणारच. रोलर काढून उलटा घालायला दोन मिनिटे लागली. ते दोन मिनिटांचे काम सापडायला तीन आठवडे गेले होते.

यानंतर मला आपण तज्ज्ञ झाल्याचा भास झाला, आणि खरा घोटाळा तिथून सुरू झाला. (दरम्यान एका रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊन मी पहाटेपर्यंत जागा होतो. संध्याकाळी काच न लावता ‘नुसते दोन टाके’ मारले होते, त्याचे हे व्याज. जळजळ लगेच होत नाही, काही तासांनी होते. त्यामुळे पापाचा आणि फळाचा संबंध लावायलाही वेळ लागतो.)

गॅसचे सिलिंडर भरायला नाशिक गाठावे लागे, आणि पडवीतला वारा तो गॅस वेल्डवर टिकू देत नसे. जोडावर अनारशासारखी जाळी पडे. तेव्हा कोणीतरी सुचवले म्हणून मी बिनगॅसची तार आणली. तिच्या पोकळीत मसाला भरलेला असतो, तो जळून स्वतःच आवरण तयार करतो. ठिणग्या फार उडत, पण तारेचा स्वभाव असेल म्हणून सोडून दिले. शिवाय विजेचा प्रश्न होता. मीटर लावून पाहिले तेव्हा सकाळी २२५ व्होल्ट, संध्याकाळी दिवे लागल्यावर १८०, आणि यंत्र चालू करताच त्याहून खाली. माझी एक्स्टेन्शनची बारीक वायर हाताला गरम लागे. हे आकडे मी वहीत नीट नोंदवून ठेवले, आणि कॉलेज सुटल्यावर वेळ संध्याकाळीच मिळतो म्हणून गाडा संध्याकाळीच जोडला. जोड ओबडधोबड दिसत होते. ग्राइंडरने घासून गुळगुळीत केले आणि वरून हिरवा रंग दिला. गाडा देखणा झाला. घरातसुद्धा कौतुक झाले.

चौथ्या खेपेला, पिंप भरलेले असताना, आसाचा जोड निखळला. पिंप कलंडले आणि चाक मावशींच्या पावलाच्या बोटभर अंतरावर आपटले. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. मावशी काही बोलल्या नाहीत. सांडलेल्या पाण्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, ऱ्हाऊ द्या. मी आपली डोईवरच आणीन.”

दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे कामाला गेलेली माणसे होळीला परत येतात. त्यांत आमचा एक जुना विद्यार्थी होता. पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडून त्याने जव्हारला आयटीआय केले आणि आता तो एका कारखान्यात वेल्डर आहे. आयटीआयच्या मराठी यादीत फिटरला ‘जोडारी’, टर्नरला ‘कातारी’, वायरमनला ‘तारतंत्री’ आणि वेल्डरला ‘संधाता’ म्हणतात. हे शब्द मला फार आवडतात. संधात्यात तर ‘संधी’ आणि ‘विधाता’ दोन्ही ऐकू येतात. मी त्याला उत्साहाने म्हणालो, “म्हणजे तू संधाता.” तो लाजून हसला. “ते सर्टिफिकेटवर आहे, सर. आम्ही वेल्डरच म्हणतो.”

तुटलेला आस त्याने हातात घेतला, रंग खरवडला, आणि न तुटलेला दुसरा जोड दगडावर ठेवून हातोडीचे दोन घाव घातले. तोही सुटला. आतली लोखंडाची कड जशीच्या तशी, कारखान्यातून आली तशी करकरीत होती. “सर, हे नुसतं चिकटलंय,” तो म्हणाला, “मिळालेलं नाही.”

मग त्याने यंत्राचे बटण बंद केले, प्लग काढला आणि झाकण उघडले. गॅसच्या तारेला टॉर्च प्लसवर असतो, या बिनगॅसच्या तारेला मायनसवर. आतल्या दोन टोकांच्या जागा अदलाबदल करायच्या, एवढेच. तार बदलली आणि मी जोडणी तशीच ठेवली होती. त्या ठिणग्या तारेचा स्वभाव नव्हत्या. पोकळ तार चेपू नये म्हणून रोलरचा दाबही त्याने सैल केला. एक्स्टेन्शन पाहून म्हणाला, “ही वायर मोबाइल चार्जिंगची. जाड आणा, आखूड आणा. आणि काम सकाळी करा.” माझी वही मी त्याला दाखवली. त्याने आकडे वाचले, पुन्हा वाचले. “सर, तुम्हाला माहीत होतं की.”

यावर काय बोलायचे असते ते मला सुचले नाही. त्याच्या पहिल्या वर्षीच्या मराठीच्या पेपरला मी किती गुण दिले होते तेही आठवेना. अक्षर चांगले होते की नाही, एवढेच आठवण्याचा प्रयत्न करत होतो.

जाताना तो एक सांगून गेला: घासायच्या आधी तोडून बघायचे. एप्रिलभर, सकाळी सहा ते आठ, मी पट्ट्यांचे तुकडे जोडत आणि हातोडीने तोडत बसलो. सुरुवातीचे सगळे सुटले. मग काही वाकले पण सुटले नाहीत. शेवटी असे काही झाले की शेजारची पट्टी फाटली आणि जोड राहिला. तेव्हा गाडा पुन्हा जोडला. जोड घासले नाहीत, रंगवलेही नाहीत. दिसायला तो पहिल्यापेक्षा बराच कुरूप आहे.

मे महिन्यात दोन आठवडे मी तो स्वतः ढकलला. आता मावशी नेतात. पिंप भरलेले असले की पाऊल मात्र चाकापासून हातभर लांब ठेवून चालतात.