आमचें मत्स्यदान

ज्या घराण्यांत आमचा जन्म झाला, तेथें मासा हा गोष्टींत वाचावयाचा व तळ्यांत पाहावयाचा प्राणी. स्वयंपाकघराशीं त्याचा संबंध कधींच आला नाहीं. तेव्हां मासे व गळ यांविषयीं आम्हीं लिहावें, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या विषयांत मनुष्य स्वतः चुकला, त्यावर चार शब्द बोलण्याचा अधिकार त्यास पोंचतो, अशी आमची समजूत आहे.

आमचें गांव भंडारा जिल्ह्यांत. हा जिल्हाच तळ्यांचा. कोहळी लोकांनीं शेंकडों वर्षांपूर्वीं तळीं बांधलीं; पुढें तीं मालगुजारांकडे राहिलीं, व १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आलीं. आमच्या तळ्याच्या पाण्यावर धान पिकतें, आणि मासेमारीचा ठेका ढीवरांच्या सहकारी संस्थेकडे असतो. तिचा अध्यक्ष आमचाच एक जुना विद्यार्थी आहे.

सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्या आषाढी एकादशीस बाजारांत एक परगांवचा विक्रेता पिंपांत जिवंत मासे घेऊन बसलेला दिसला. त्यांची तडफड पाहून आम्हांस दया आली. होते तेवढे सारे विकत घेतले व तळ्यांत सोडले. त्या रात्रीं पुण्यकर्माच्या समाधानांत झोंप मोठी गाढ लागली.

तीन वर्षांनीं विद्यार्थी दारीं आला. टोपलींत वीतभरहि लांब नसलेले करडे मासे होते. "गुरुजी, रागावूं नका. हें बीज संस्थेनें कधीं सोडलें नाहीं. एकादशीला पिंपांत हेच होते ना?"

तो तिलापिया होता. उजनीकडे त्यास चिलापी म्हणतात. मूळ आफ्रिकेंतला हा मासा १९५२ सालीं आपल्या देशांत आणला गेला, आणि त्याचा प्रताप पाहून १९५९ सालींच त्याच्या प्रसारास बंदी झाली. आई अंडीं व पिलें तोंडांत सांभाळते, म्हणून तीं फारशीं मरत नाहींत. वर्षांतून अनेक वेळां वीण होते. संख्या वाढते, अन्न पुरत नाहीं, सारेच खुरटतात. रोहू व कटला यांचें तसें नाहीं. सांचलेल्या पाण्यांत त्यांची वीण होत नाहीं. संस्थेस दरवर्षीं पदरमोड करून बीज सोडावें लागतें. त्या बिजाच्या तोंडचा घास आमचे पाहुणे खात होते.

आम्ही ओशाळलों. शतपथ ब्राह्मणांतील मनूची कथा आम्हीं किती वर्गांना शिकविली असेल! मनूनें मासा प्रथम घटांत, मग खळग्यांत व शेवटीं समुद्रांत नेला. ज्याचें त्यास योग्य तें स्थान देणें, ही त्या दयेची दुसरी बाजू आमच्या ध्यानांत आलीच नव्हती.

गेल्या आषाढांत नातू पुण्याहून गळ घेऊन आला. आम्ही त्यास मना करणार, तोंच विद्यार्थी म्हणाला, "येऊं द्या, गुरुजी. गळ वाईट नाहीं; केव्हां व कोठें टाकावा तें कळलें पाहिजे."

तळ्याच्या कडेस पाण्यावर तांबूस पिलांचा एक थवा हालत होता. नातवानें तेथेंच गळ उचलला. विद्यार्थ्यानें त्याचा हात धरला. "तीं मरळीचीं पिलें. खालीं आईबाप राखण करीत आहेत. एक उचललास, कीं थवा उघडा पडला. आणि तिलापियाचीं पिलें खाणारा तळ्यांत मरळीसारखा दुसरा कोण आहे?"

मग त्यानें नियम सांगितले: विणीच्या दिवसांत मरळ धरूं नये, चुकून लागलीच तर हात ओले करून सोडावी, कारण अंगावरील बुळबुळीत थर हेंच तिचें कवच, गळाची उलटी अणी घासून टाकावी, आणि तिलापिया मात्र एकहि परत सोडूं नये. राजा सोमेश्वरानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लासां'त मत्स्यविनोदाचें प्रकरण लिहिलें, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु त्या दिवशीं गुरु कोण व शिष्य कोण, हें वेगळें सांगावयास नको.

थोड्या वेळानें नातवाच्या गळास तिलापिया लागला. तळहातावर तो धडपडत होता. मुलानें आमच्याकडे पाहिलें. "आजोबा, सोडूं का?"

घशाला कोरड पडली. जन्माचा संस्कार एका बाजूस व टोपली घेऊन उभा असलेला विद्यार्थी दुसऱ्या बाजूस.

"नको," आम्ही म्हणालों. "टोपलींत टाक."

घरीं आल्यावर आम्हीं स्नान केलें. सौभाग्यवतींनीं कांहीं विचारलें नाहीं. येत्या एकादशीस दान करावयाचें तें संस्थेच्या बीजखात्यांत द्यावें, असें दोघांनीं मिळून ठरविलें आहे.