दुसऱ्याची ओळ
इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनीं १९७८ सालापासून संगणकावर केवळ शब्दांनीं खेळावयाचें एक जग रचिलें. पुढें १९९६ सालीं बार्टल यांनीं खेळाडूंचे चार वर्ग सांगितले: कोणी यशासाठीं येतो, कोणी शोधासाठीं, कोणी सहवासासाठीं, तर कोणी दुसऱ्यावर कुरघोडी करावयास.

अशाच एका खेळांत आम्ही अजिंक्य योद्धा रंगवीत होतों. आमचा सोबती वैद्य झाला होता. त्याला संभाषणाची हौस. एके रात्रीं आम्ही लिहिलें, 'वार बसला, वैद्य कोसळला.' सोबती पुन्हां आला नाहीं.

पात्र बलवान असणें हा दोष नव्हे. वार लिहिण्याचा अधिकार आमचा होता. जखम लिहिण्याचा त्याचा. ती एक ओळ आम्ही त्याच्यासाठीं मोकळी सोडावयास हवी होती.