कवेलू गेले, चूल राहिली

सिंदेवाहीकडच्या आमच्या जुन्या घराला धुराडं नव्हतं. कुडाच्या भिंती, वर बांबूचा ताटवा आणि त्यावर कुंभाराने थापलेले देशी कवेलू. सकाळी चूल पेटली की कवेलूंच्या फटीफटींतून धूर निघायचा. हवा आत यायची ती दाराखालून, कुडाच्या भेगांतून, सांदवाडीकडच्या अर्धवट झाकलेल्या खिडकीतून. चुलीला हवा द्यायची सोय म्हणून वेगळी कुणी केलीच नव्हती. घरच तसं होतं. त्या धुराने आढ्याच्या बांबूला कीड लागत नसे आणि चुलीवर टांगलेली मक्याची बियाण्याची कणसं पुढच्या पावसाळ्यापर्यंत शाबूत राहत.

याचे गोडवे मात्र फार गाऊ नयेत. पावसाळ्यात ओल्या फाट्यांवर फुंकणी मारून आजीचे डोळे लाल व्हायचे, आणि तिचा खोकला कुणी आजारात धरलाच नाही.

हवेचं खरं शास्त्र आम्हाला भुशाच्या शेगडीने शिकवलं. आलापल्ली, बल्लारपूर, चंद्रपूर म्हणजे सागवानाचा मुलूख. आरागिरणीवर भुसा हवा तेवढा. तेलाच्या डब्याला खाली एका बाजूने भोक पाडायचं. मधोमध बाटली उभी करायची, खालच्या भोकातून एक दांडा तिला टेकवायचा आणि भोवती भुसा ठासून भरायचा. मग दांडा काढून बाटली गोल फिरवत अलगद वर ओढायची. घाई केली की भुसा ढासळलाच. खालच्या भोकात पेटती काडी सरकवली की तिथूनच हवा आत जाई आणि मधल्या पोकळीतून जाळ वर चढे. काडी आत सरकवली की आच वाढे, बाहेर ओढली की मंदावे. डाळ शिजून वर आंघोळीचं पाणीही तापायचं.

चंद्रपूर शहरात सिगडी कोळशाची. संध्याकाळी गल्लीत दारोदारी सिगड्या धुमसत. धूर सरला, निखारे लाल झाले की मग त्या आत न्यायच्या. शिस्त चांगली होती, पण धूर गेला म्हणजे धोका गेला असं नाही. लाल निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. कवेलूखाली तो निघून जात होता, एवढंच.

आता कवेलू फेरणारे मिळत नाहीत, माकडं टिकू देत नाहीत, म्हणून स्लॅब आला. घरकुल योजनेत २५ चौरस मीटरचं पक्कं घर मिळतं, स्वयंपाकाच्या जागेसकट. भिंती विटांच्या, दार लोखंडी. एक किलो वाळलेलं लाकूड पुरतं जळायला निदान ५ घनमीटर हवा लागते, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पटही. दहा बाय दहा फुटांच्या बंद खोलीतली हवा किती वेळ पुरणार? बायकांनी हिशेब न मांडताच उत्तर काढलं: चूल मागच्या छपरीत नेली.

थंडीच्या देशांत घरं हवाबंद झाली तेव्हा हीच अडचण आली. तिथे बाहेरची हवा नळीने थेट शेकोटीच्या पेटीत आणतात, धूर दुसऱ्या नळीने वर. आपल्या शेजारी वर्ध्याच्या मगनवाडीत धुराड्याची मगन चूल स्वातंत्र्याच्या आसपासच घडली होती. १९८३ पासून सरकारनेही सुधारित चुली वाटल्या. पण काजळीने तुंबलेली नळी झाडायला कुणी शिकवलं नाही आणि मोठा ओंडका मावावा म्हणून चुलीचं तोंड फोडलं गेलं. मग ती सुधारित कसली! २०१६ पासून उज्ज्वला योजनेचा गॅसही आला, त्याने सरपणासाठी वाघाच्या जंगलात जाणं थोडं तरी कमी व्हावं. तरी सिलिंडर परवडत नाही तेव्हा, आणि पाणी तापवायला, चूल आहेच.

म्हणून घरकुल बांधणाऱ्यांना एक सांगणं. चूल आतच मांडायची असेल तर प्लास्टरच्या आधीच मिस्त्रीला सांगा: चुलीच्या बाजूला भिंतीत जमिनीलगत चार इंची पाइपाचा तुकडा बसव, आणि समोरच्या भिंतीत स्लॅबखाली जाळी सोड. घूस येऊ नये म्हणून पाइपालाही जाळी लावा, पण चिंधी कोंबू नका. आणि पुसाच्या थंडीत कितीही काकडलात तरी निजताना सिगडी अंगणातच ठेवा.