फरक किती उरतो

या आठवड्यात शेतीपंपाला रात्रीची लाइट आहे. कांद्याला पाणी सोडायचं, वाफा भरेपर्यंत बांधावर बसायचं, भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घ्यायचं. वेळ नदीकाठच्या तळेगाव ढमढेऱ्यात माझं निम्मं गणित असं दारं धरताना झालंय.

बांधावर तोंडी होईल असा एक हिशेब सांगतो. क्ष आणि य या दोन चलांच्या बहुपदी घ्या. क्षने गुणणं हा एक ऑपरेटर. त्याचा अ‍ॅडजॉइंट घात एकाने उतरवतो. आधी गुणून मग उतरवा किंवा आधी उतरवून मग गुणा, उत्तरं जुळत नाहीत. ड्रुरी-आर्व्हसन अवकाशात क्षचा घात अ, यचा ब आणि दोन्हींची बेरीज न असेल, तर फरक येतो ब भागिले न(न+1). दोन्ही घात 1 असतील तर 1/6. एकूण घात 100 झाला की फरक 1/101 च्या वर जाऊच शकत नाही. पुढे तो विरतच जातो. असा विरत जाणारा फरक म्हणजे कॉम्पॅक्ट, आणि तो कॉम्पॅक्ट असला की त्या अवकाशाला, म्हणजे हिल्बर्ट मॉड्यूलला, इसेन्शियली नॉर्मल म्हणतात.

बर्कलीच्या विल्यम आर्व्हसन यांनी पुढचं विचारलं. समघाती बहुपदींचा एखादा आयडियल (कुठल्याही बहुपदीने गुणलं तरी आतच राहणारा संच) घेऊन त्याचं सबमॉड्यूल केलं, तर त्याच्या आतही फरक असाच विरतो का? एकपदींच्या आयडियलचं उत्तर त्यांनीच दिलं: विरतो.

या प्रश्नासाठी मी चार चलं आणि दोन जनक, म्हणजे ज्यांच्यापासून आयडियल बनतो अशा दोन बहुपदी, घेऊन बसलो. आयडियलमधली बहुपदी दोन जनकांत वाटली की वाटे मूळ बहुपदीच्या मानाने फार मोठे होणार नाहीत, हे मी धरूनच चाललो. सातव्या घातापर्यंत ताडून पाहिलं होतं. पुढचे आकडे शिक्रापूरहून येताना एसटीत मांडले, तर वाटे फुगत चाललेले. भाऊबंदांच्या चोपडीसारखं: याचं त्याच्याकडे लाखाचं येणं, त्याचं याच्याकडे लाखाचं, आणि वजावट होऊन उरतात दहा रुपये. चार महिन्यांचं लिखाण तिथंच बसलं. ऑर शलित यांनी 2011 मध्ये नेमकं हेच दुखणं पकडलं होतं. वाटे आवाक्यात राहतात अशा भागाकाराला ते स्टेबल म्हणतात, आणि तसा भागाकार असला की इसेन्शियल नॉर्मलिटी मिळते. मी तो लेख वाचला होता, तरी घसरलो. माझ्या मते या कामात कल्पना लवकर सुचते. जीव काढतो तो भागाकार.

पुणे विद्यापीठातल्या अमीर आठवले यांनी 1990 मध्ये सिद्ध केलं की प्रत्येक स्फेरिकल आयसोमेट्री (मिळून लांबी जपणारा ऑपरेटरांचा संच) सबनॉर्मल असते. म्हणजे बाहेर एक मोठं घर असतं, जिथं हा क्रमाचा तंटाच नाही. मला ते प्रमेय फार आवडतं. आर्व्हसन यांचा प्रश्न मात्र उलट आत, लहान खोलीत नेतो, आणि आत अडचण जास्त.

कुन्यू गुओ आणि काई वांग यांनी 2008 मध्ये तीन चलांपर्यंतचे सगळे समघाती आयडियल सोडवले. जनक एकच असेल तर चलं कितीही चालतात. चलं चार किंवा जास्त आणि जनक एकाहून अधिक असतील, तर सर्वसाधारण उत्तर अजून कुणाकडेच नाही.