आधी पाय बघावेत

कोंबडीची जात विचारायला आलेला माणूस आधी रंग सांगतो. "डाक्टर, तांबडी हाय, शेपटीत काळं हाय. मंग कंची?" उंबरमाळी, खर्डी, कसारा या पट्ट्यातल्या पाड्यांवर मी 25 वर्षं लशी घेऊन फिरलो. हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा, पण पाड्यावर लस टोचणारा प्रत्येक जण डाक्टरच. मानमोडीची लस पहाटेच टोचावी लागते, एकदा डालगं उचललं की कोंबड्या हाती लागत नाहीत. अशा अंधुक उजेडात रंग दिसतच नाही, हाताला पाय लागतात. माझी सवय तिथून पडली असावी.

लोकांचं रंगावर लक्ष असणं बरोबरच आहे. नवसाचा कोंबडा रंगावर ठरतो. काळा बोलला असेल तर काळाच लागतो. जात बघताना मात्र रंग सगळ्यात शेवटी. गावठी कोंबडीच्या एका रवणीतून काळं, तांबडं, कवडं, उघड्या मानेचं अशी चार तऱ्हांची पिल्लं निघतात. उघडी मान हीसुद्धा वेगळी जात नव्हे. तो एकाच जनुकाचा गुण, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो कोंबडीला सोसायला मदतच करतो.

म्हणून पायाची नळी, मग तुरा, मग कानाची पाळी. नळी पिवळी, तुरा एकेरी आणि ताठ, पाळी लाल, अंग विटकरी, पाठ सपाट: ऱ्होड आयलंड रेडचं रक्त. काळी कोंबडी उन्हात हिरवी झळकली आणि तळपाय पांढरे निघाले, तर ऑस्ट्रालॉर्प. उंच नळी, थोराड अंग, पिसांत अनेक रंग असतील तर बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज किंवा हैदराबादच्या केंद्राची वनराज. या दोघींत नुसत्या नजरेनं फरक करायला मी आजही धजत नाही. असील उभा राहतो तोच मान ताणून, तुरा वाटाण्यासारखा बारीक. कडकनाथ म्हणून काही दाखवलं की चोच उघडून जीभ बघावी. झाबुआच्या त्या कोंबडीच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मोटरसायकलवर पिल्लं विकणाऱ्यांची प्रत्येक काळी कोंबडी कडकनाथ झाली आहे. पिसं काळी असतात पुष्कळ जणींची. कडकनाथची कातडी, जीभ, आतलं मांससुद्धा काळवंडलेलं असतं. अंडं मात्र काळं नसतं, फिकट बदामी असतं.

हे सगळं मला येत होतं, तरी एका मावशीचं नुकसान माझ्या हातून झालं.

ठाकूरपाड्यावरची मावशी. तिच्याकडे एक तांबूस कोंबडी होती, अंगानं जरा भरलेली. रवणीला बसवू का, म्हणून तिनं विचारलं. मी पाय बघितले. पांढरट. पिवळेपणा नाही म्हणजे बाहेरचं रक्त नाही, गावठी आहे, बसव, असं मी सांगितलं. शेजारणीकडून उसनी आणून तिनं 11 अंडी घातली. कोंबडी नवव्या दिवशी उठली ती पुन्हा बसलीच नाही. गावठी कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देते, त्यातली 11 म्हणजे पाड्यावर थोडी नव्हेत. मावशी मला काही बोलली नाही. अंडी तिनं फेडली.

श्रावणात पुन्हा गेलो तर त्याच कोंबडीची नळी हळदीसारखी पिवळी. पिसं झडत होती, अंडी बंद होती. तेव्हा उमगलं. कोंबडीच्या अंगातला पिवळा रंग अंड्याच्या बलकात उतरत जातो; आधी गुदद्वाराभोवतीचा, मग डोळ्याच्या कडेचा, चोचीचा आणि सगळ्यात शेवटी नळीचा. ती महिनोन्‌महिने अंडी घालत होती, म्हणून तिचे पाय पांढरे झाले होते. मी जात वाचतोय असं समजत होतो, प्रत्यक्षात तिची मेहनत बघत होतो. आणि एवढी अंडी घालणारी कोंबडी खुडूक होणं कठीण, हे तर मला पाठ होतं.

दुसरी चूक त्याहून खोल होती. पिवळा पाय म्हणजे विलायती, हे मी धरूनच चाललो होतो. गावठी कोंबड्यांत पिवळे पाय रोज दिसायचे, तरी मी ते सरकारी वाटपाच्या खात्यावर टाकायचो. पुढे वाचलं, की 2008 साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी या पिवळेपणाचं जनुक तपासलं. कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण हे जनुक त्याचं नव्हे. ते करड्या रानकोंबड्याशी जुळलं. म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या, तानशाच्या जंगलात पहाटे तुटक ओरडणाऱ्या, मानेवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे ठिपके असणाऱ्या कोंबड्याशी. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडची तांबडी कोंबडी सरकारी खोक्यातून आमच्याकडे आली, तिच्या नळीवरचा रंग मुळात इथल्या रानाकडचा होता.

मावशीला हे सांगितलं. तिला त्याचं फार नवल वाटलं नाही. "रानातला कोंबडा येतो की खाली," ती म्हणाली, "आमच्या आईच्या कोंबड्यांत यायचा." मग डालग्यातून एक तलंग काढून तिनं माझ्या हातात दिली. नळी पिवळी, तुरा बारीक, पाठीवर राखाडी झाक.

"हिला बसवू?"

मी या वेळी पाय बघितले नाहीत. हिची आई बसली होती का, ते विचारलं.